मरीन सर्व्हेअर म्हणजे नेमका कोणता? जहाज पास करणारा का नुकसान मोजणारा?

आमच्याकडं सर्व्हेअर म्हणलं की लोकांना मोजणीवालाच आठवतो, बांध कोणी कोरला ते बघायला येतो तो. मी लातूरला मरीन सर्व्हेअर आहे म्हणलं की समोरचा हसतोच, 2016 ला इथं प्यायचं पाणी रेल्वेनं आणलं होतं आणि तू कुठली जहाजं तपासतो बाबा. त्याचंही खरंय म्हणा. पण घोळ असा की या एकाच नावानं दोन वेगळीच माणसं काम करतात.

एक क्लासचा सर्व्हेअर. जहाजाला क्लास (म्हणजे जहाज धडधाकट असल्याचा दाखला) देणाऱ्या संस्था असतात, आपल्याकडं मुंबईत इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, 1975 पासून. त्यांचा माणूस जहाजावर चढतो, टाकीत उतरतो (आधी आतला ऑक्सिजन मोजून, नाहीतर जिवावरच बेततं), पत्रा किती झिजला ते अल्ट्रासॉनिक गेजनं बघतो. दरवर्षी एक तपासणी आणि 5 वर्षांनी मोठी. सोपं सांगायचं तर आरटीओचं पासिंग.

दुसरा इन्शुरन्सचा, म्हणजे मी. लायसन्स आयआरडीएआयचं, म्हणजे विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, त्यात मरीन कार्गो (माल) वेगळं आणि मरीन हल (जहाज स्वतः) वेगळं, माझ्याकडं फक्त कार्गो. आता गंमत बघा, मोंढ्यातून निघालेला सोयाबीनचा ट्रक मांजरसुंब्याच्या घाटात पलटी झाला तरी व्यापाऱ्याची मालाची पॉलिसी मरीनच असते, समुद्राचा थेंब नसला तरी, कारण रस्त्यानं नाहीतर रेल्वेनं जाणाऱ्या मालाचा विमा पण त्याच खात्यात येतो. मग मी जातो, कट्टे मोजतो, भिजलेले वेगळे, फाटलेले वेगळे, बिल्टी, बिल, दोन्हीकडच्या वजनकाट्याच्या पावत्या, आणि जे सोयाबीन विकता येतंय त्याचा भाव काढून तो नुकसानीतून वजा करतो. इथंच भांडण होतं.

त्याहून मोठं भांडण क्लॉजचं, म्हणजे पॉलिसीतल्या अटींचं. इनलँड ट्रान्झिटचे, म्हणजे रस्त्यानं-रेल्वेनं जाणाऱ्या मालाचे, ए, बी, सी असे तीन प्रकार. ए मधे बहुतेक सगळं येतं. बी मधे आग, वीज, टक्कर, पलटी, पूल तुटणं, रेल्वे रुळावरून घसरणं एवढंच, म्हणजे ताडपत्रीतून पावसाचं पाणी गेलं तर बी मधे बसत नाही. सी मधे तर फक्त आग आणि वीज. व्यापारी हप्ता कमी म्हणून सी घेतो अन् ट्रक पलटल्यावर शिव्या मला. अहो शेठ, क्लेम मंजूर मी करतच नाही, मी रिपोर्ट देतो, पैसे द्यायचे का नाही ते कंपनी बघते! आणि हो, ट्रान्सपोर्टवाल्याला नुकसानीची लेखी नोटीस 180 दिवसांच्या आत गेली पाहिजे, कॅरेज बाय रोड ॲक्ट 2007 मधे आहे, हे लई जण विसरतात.

दोघांचा गोंधळ सगळ्यात जास्त कुठं होतो, तर जहाज खडकाला घासलं की. तेव्हा क्लासवाला पण येतो आणि हलचा इन्शुरन्सवाला पण, दोघं त्याच चेपलेल्या पत्र्यापुढं बॅटरी घेऊन उभे. क्लासवाला म्हणतो हा पत्रा बदलल्याशिवाय जहाज हलायचं नाही, खर्च किती येईल ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हलवाला बघतो की आत्ता चेपलेला भाग किती आणि आधीच गंजलेला किती, कारण झीज विम्यात येत नाही, मालकाला ते आवडत नाही ही गोष्ट वेगळी.

पोरं विचारतात कुठं जावं. क्लासकडं बहुतेक मरीन इंजिनिअर नाहीतर नेव्हल आर्किटेक्ट, जहाजावर वर्षं काढलेले. आमच्याकडं परीक्षा आणि जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली ट्रेनिंग. माझं ट्रेनिंग निम्मं उदगीरच्या डाळ मिलांत गेलं, समुद्र पहिल्यांदा बघितला तो न्हावा शेव्याच्या बंदरात, एका कंटेनरचं सील बघायला गेलो होतो तेव्हा.