मिक्सरच्या भांड्यात नेमकं काय घडतं?

सफरचंद कापून ठेवलं की थोड्याच वेळात फोडी तपकिरी पडतात. ‘हवा लागली’ असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. अख्ख्या सफरचंदाचा जवळपास पाव भाग हवाच असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. तरीही न कापलेलं सफरचंद आतून पांढरं राहतं, कारण त्याच्या पेशींमध्ये कप्पे असतात. एका कप्प्यात फिनॉल गटातली रसायनं, तर दुसऱ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज (थोडक्यात पीपीओ) नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. सुरी फिरली की पडदे फाटतात, दोघांची गाठ पडते आणि ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी रंग तयार होतो.

सुरी फक्त कापलेल्या जागेवरच्या पेशी फोडते. मिक्सरचं पातं तेच काम भांडंभर करतं, वर हवाही घुसळून आत घालतं. स्मूदीत काय घालावं, काय टाळावं, आधी काय चिरावं याची बहुतेक उत्तरं इथूनच निघतात.

लिंबू पिळायचा सल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. तो दोन बाजूंनी काम करतो. आम्लता वाढली की पीपीओ मंदावतं, आणि क जीवनसत्त्व बदललेल्या फिनॉलला पुन्हा मूळ रूपात आणतं. मात्र या कामात ते स्वतः खर्ची पडतं, म्हणून लिंबू पिळलेलं सफरचंदही उशिरा का होईना, काळवंडतंच. लिंबू आधी भांड्यात पिळावं आणि मग त्यात फोडी टाकाव्यात. रंग गेल्यावर पिळून फारसा उपयोग होत नाही.

पण प्रश्न रंगापुरता नाही. 2023 मध्ये ‘फूड अँड फंक्शन’ या शोधपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बेरी, सफरचंद, द्राक्षं, कोको यांत फ्लॅव्हनॉल नावाची, फिनॉल गटातलीच संयुगं असतात, आणि हृदयाच्या आरोग्याच्या दृष्टीने त्यांचा बराच अभ्यास झाला आहे. स्वयंसेवकांना फ्लॅव्हनॉल असलेली स्मूदी कधी केळ्याची, तर कधी बेरींची दिली. तुलनेसाठी फ्लॅव्हनॉलची कॅप्सूलही दिली. केळ्यात पीपीओ भरपूर. केळ्याच्या स्मूदीनंतर शरीरात पोहोचलेलं फ्लॅव्हनॉल कॅप्सूलच्या तुलनेत 84 टक्के कमी भरलं, तर बेरींच्या स्मूदीत असा फरक दिसला नाही. केळं वेगळं ठेवून फ्लॅव्हनॉलसोबत एकाच वेळी प्यायला दिलं, तरीही घट झाली, म्हणजे हा उद्योग पोटातही चालू राहतो. स्वयंसेवक मोजकेच होते आणि संशोधनाला पैसा एका चॉकलेट कंपनीचा होता, हे लक्षात ठेवूनच निष्कर्ष वाचावा. केळं वाईट, असा त्याचा अर्थ नाही. केळं दाटपणासाठी हवं असेल तर खुशाल घाला, पण महागड्या बेरी त्यांच्या ‘गुणां’साठी घालत असाल तर जोडीला दही, संत्रं किंवा अननस बरा.

अननसाची मात्र वेगळीच खोड आहे. त्यातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं, किवीतलं अ‍ॅक्टिनिडिन आणि पपईतलं पपेनही तेच करतं. दुधातल्या प्रथिनांचे तुकडे झाले की त्यातले काही कडू लागतात. केल्या केल्या प्यायलेली अननस-दह्याची स्मूदी छान लागते. तीच तासभर ठेवली तर पातळ आणि कडवट होते. अननस फ्रीझरमध्ये ठेवून हे टळत नाही, कारण गारव्याने विकर फक्त सुस्तावतं, मरत नाही. त्याला उष्णता लागते. फोडी वाफवून घ्या किंवा डब्यातला अननस वापरा, कारण तो डबाबंद करतानाच तापवलेला असतो.

गोठवलेल्या फळांबद्दल अनेकांच्या मनात उगाच अढी असते. स्मूदीसाठी ती बहुधा जास्त सोयीची असतात. गोठताना पाण्याचे स्फटिक पेशींच्या भिंती टोचून फोडतात, त्यामुळे गर मऊसूत वाटला जातो आणि वेगळा बर्फ घालून चव पाणचट करावी लागत नाही. वितळलेलं फळ मात्र लिबलिबीत होतं आणि भराभर काळं पडतं, म्हणून फ्रीझरमधून थेट भांड्यात टाकावं. केळं गोठवायचं तर पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके आलेलं घ्यावं. तोवर त्यातल्या बहुतेक स्टार्चची साखर झालेली असते. आणि आधी सोलून, चकत्या करून ठेवावं. सालीसकट गोठवलेलं केळं दगडासारखं होतं, काळी साल हाताने सुटत नाही, ती सुरीने खरवडत बसावं लागतं.

भांड्यात आधी द्रव, मग मऊ फळं, आणि गोठलेले तुकडे सर्वांत वर. उलट केलं तर पात्याभोवती पोकळी तयार होते आणि मोटर नुसती घरघरते.

संत्र्या-मोसंबीच्या रसाची एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘काढला तेव्हा गोड होता, आता कडू झालाय.’ तो नासलेला नसतो. या फळांच्या पापुद्र्यांत आणि बियांत एक बेचव पदार्थ असतो. रसातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं, आणि ते कडू असतं. बिया काढा, पांढरा पापुद्रा शक्य तेवढा सोलून टाका आणि रस लगेच प्या. सफरचंदाच्या बियाही गाभ्यासकट काढाव्यात. अख्खी बी पोटातून तशीच निघून जाते, पण दळली गेली तर तिच्यातल्या अ‍ॅमिग्डॅलिनपासून सायनाइड तयार होतं. चुकून एखाद-दुसरी गेली तर घाबरण्याचं कारण नाही.

आता रस की स्मूदी? मला विचाराल तर स्मूदी, आणि त्याहून बरं अख्खं फळ. 1977 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दहा जणांना सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, लगदा करून आणि चोथा काढलेला रस. कर्बोदकं तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला. पोट सर्वांत कमी भरलं तेही रसानेच, आणि लगदा मधोमध राहिला. रस आणि लगदा दोन्हींनंतर इन्सुलिन अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढलं. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर मध आणि सरबतातल्या साखरेच्याच गटात धरते. दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्याने ही साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी असं ती सांगते. संत्र्याच्या रसाच्या एका मोठ्या ग्लासात वीस ग्रॅमच्या आसपास साखर सहज असते.

गाजरात मात्र वाटण्याचा फायदाच होतो. पेशी फुटल्याने बीटा कॅरोटीन मोकळं होतं. ते शोषलं जायला थोडा स्निग्धांश लागतो, म्हणून चार दाणे किंवा चमचाभर साईचं दही घालावं. पालकाचा रोजचा मोठा ग्लास मात्र नको, विशेषतः मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी. त्यात मुतखड्याला हातभार लावणारं ऑक्सॅलेट फार असतं. पालक उकडून पाणी फेकून दिलं तर ते बरंच कमी होतं.

फळं सोलायची असली तरी आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. टरबुजासारख्या फळाच्या सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात उतरतात. साबण नको. 1996 मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जंतूची लागण पसरली होती आणि त्यात एका लहान मुलीचा जीव गेला. रस आंबट असला म्हणजे जंतू मरतात, हा समज तेव्हाच खोटा ठरला. काकडी-भोपळ्याच्या कुळातलं काहीही रसात घालण्याआधी एक चकती चाखून बघा. कडू लागली तर थुंकून टाका आणि ते फळ अख्खंच फेका. हा कडूपणा कुकुर्बिटासिनचा असतो आणि त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. साखर-लिंबू घालून चव झाकली जाते, विष तसंच राहतं.