तंबाखूच्या हिशेबातून उभी राहिलेली गुलामगिरी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत गुलामगिरी पहिल्या दिवसापासून तयारच होती, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती तिथे हळूहळू, एकेक कायदा करत रचली गेली. आणि त्याआधी दोन पिढ्या तिथलं बहुतेक कष्टाचं काम गोऱ्या करारबद्ध मजुरांनी केलं.

लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने १६०७ मध्ये जेम्सटाउन वसवलं ते भागधारकांच्या पैशावर, सोन्याच्या आशेने. सोनं सापडलं नाही, उपासमार मात्र झाली. पुढे १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने बाहेरून आणलेलं सौम्य तंबाखूचं बियाणं लावून पाहिलं आणि विकण्याजोगं काहीतरी हाती लागलं.

तंबाखूला जमीन लागते, पण त्याहून जास्त माणसं लागतात. लावणी, खुरपणी, शेंडे खुडणं, पानांवरच्या अळ्या वेचणं, तोडणी, वाळवणी, मग पिंपांत दाबून भरणं. जमीन तिथल्या मूळ रहिवासी पॉवहटन लोकांकडून बळकावता आली. माणसं इंग्लंडातून आणावी लागली. १६१८ मध्ये कंपनीने ठरवलं की जो एका माणसाचं जहाजभाडं भरेल त्याला ५० एकर जमीन. मळेवाल्याला मजूरही मिळे आणि शेतही. मजुराच्या वाट्याला साधारण चार ते सात वर्षं बिनपगारी राबणं. बदल्यात प्रवास, अन्नवस्त्र आणि मुदत संपताना थोड्या वस्तू. सतराव्या शतकात या भागात आलेल्या गोऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास लोक असे आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आपल्याला सालगडी आठवेल, पण इथे मालक उरलेली मुदत परस्पर दुसऱ्याला विकू शके. मजूर पळाला तर मुदत वाढे, मोलकरणीला मूल झालं तरी वाढे. तापाने मुदतीआधीच गेलेले कितीतरी.

नाणी दुर्मिळ, त्यामुळे कर, दंड, पाद्र्याचा पगार सगळं तंबाखूत. १६२१ मध्ये कंपनीने लग्नाळू मुली पाठवल्या तेव्हा नवऱ्याने मोजायची रक्कमसुद्धा १५० पौंड वजनाचा उत्तम पानाचा तंबाखू अशीच होती! भाव मात्र लवकरच कोसळले, आणि पडलेला भाव भरून काढायला मळेवाले आणखी लागवड करत राहिले. मजूर जितका स्वस्त, तितकं बरं.

आफ्रिकेतून पळवून आणलेली वीसेक माणसं ऑगस्ट १६१९ मध्ये ‘व्हाइट लायन’ जहाजातून पॉइंट कम्फर्टला उतरवली गेली. त्यांच्या बदल्यात जहाजाने धान्यसामग्री घेतली. त्यांचं कायदेशीर स्थान तेव्हा धूसर होतं. अँथनी जॉन्सन हा आफ्रिकी माणूस गुलामीतून सुटला आणि १६५१ मध्ये पाच जणांच्या जहाजभाड्यापोटी २५० एकरांचा मालक झाला. पण १६४० मध्येच एका निकालाने दिशा दाखवली होती. तीन मजूर एकत्र पळाले, एकत्र पकडले गेले. दोघा गोऱ्यांची मुदत वाढली. तिसरा, जॉन पंच, काळा होता. त्याला जन्मभराची चाकरी.

मग १६६२ चा कायदा आला: मूल आईच्या दर्जाचं. गुलाम स्त्रीची संतती, बाप गोरा मालक असला तरी, गुलामच. इंग्लंडात दर्जा बापावरून ठरे; इथे तो नियम सोयीने उलटवला. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्मा घेऊनही सुटका नाही.

करारबद्ध मजुरांकडून गुलामांकडे वळण्याच्या या बदलाचं श्रेय बरेचदा १६७६ च्या बेकनच्या बंडाला, म्हणजे नॅथॅनियल बेकन या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या उठावाला, दिलं जातं. त्यात गोरे आणि काळे कष्टकरी एकत्र लढले, जेम्सटाउन जळालं, मळेवाले घाबरले हे खरं. पण वर दिलेल्या तारखा बंडाआधीच्या आहेत. मला हिशेबाची बाजू जास्त पटते. १६६० नंतर इंग्लंडातून येणारे मजूर आटू लागले. वसाहतीत माणसं जास्त जगू लागली, त्यामुळे जन्मभराचा माणूस विकत घेणं परवडू लागलं. १६९८ मध्ये गुलामांच्या व्यापारातली रॉयल आफ्रिकन कंपनी या इंग्रज कंपनीची मक्तेदारी सुटली आणि गुलामांचा पुरवठा वाढला.

१७०५ च्या कायद्याने हे सगळं एकत्र बांधलं. त्यात मुदत संपलेल्या गोऱ्या मजुराला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक देण्याची सक्ती मालकावर आहे. त्याच कायद्यात गुलामांकडची घोडी, गुरं, डुकरं जप्त करून विकावीत आणि आलेला पैसा परगण्यातल्या गरिबांसाठी वापरावा, असंही कलम आहे.