‘नमस्कार’मधलं ‘नम’ कुठं जातं?

लातूरच्या गच्चीवरून नवखा हॅम (परवाना काढून हौसेनं बिनतारी संचावर बोलणारा) हँडीचं, म्हणजे हातातल्या संचाचं बटण दाबतो, ‘नमस्कार’ म्हणतो आणि पलीकडे कॅनडात ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त ‘स्कार’ पडतं. ‘नम’ वाटेत सांडतं. बटण दाबल्यावर आधी घरातल्या किंवा गावातल्या नोडचा (रेडिओला इंटरनेटशी जोडणाऱ्या केंद्राचा) रिसीव्हर जागा होतो, मग त्याला जोडलेल्या संगणकाला कळतं की कुणीतरी बोलतंय, मग आवाजाचे तुकडे इंटरनेटवर निघतात आणि शेवटी पलीकडचा ट्रान्समीटर चालू होतो. प्रत्येक टप्पा क्षणाचाच, पण सगळे मिळून पहिलं अक्षर खातात. म्हणून जुनी मंडळी बटण दाबून मनात ‘एक, दोन’ म्हणतात आणि मगच तोंड उघडतात.

बिनतारी म्हणवणाऱ्यांनी मध्ये तार का घातली, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. त्याचं निम्मं उत्तर आपल्या भूगोलात आहे. हातातला पाच वॅटचा संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो आणि या लहरी नजरेच्या रेषेत जातात. बालाघाटचा डोंगर मध्ये आला की संपलं. उंचावर रिपीटर (ऐकलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र) असला तर पल्ला वाढतो, पण लातूर ते छत्रपती संभाजीनगर हे दोनशेहून जास्त किलोमीटर एका रिपीटरच्या आवाक्यातलं काम नाही. दूर जायचं तर एचएफ, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसारखे खालचे पट्टे. त्यासाठी वीसेक मीटर लांब तार ताणायला जागा हवी आणि लहरी आकाशातून परत पाठवणाऱ्या आयनांबराची मर्जीही हवी. शिवाय आपल्याकडे वरच्या श्रेणीच्या परवान्यासाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या लिपीची परीक्षा आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, मोर्सला घाबरणाऱ्या हौशी माणसानं करायचं काय? (हौशी म्हणजे कच्चा नव्हे. हौशी रंगभूमीला आपण कच्ची म्हणत नाही, तसंच हे.)

रेडिओला तार जोडण्याची कल्पना मुळात इंटरनेटची नाही. अमेरिकेत ‘फोन पॅच’ फार जुना. व्हिएतनाम युद्धात तिकडच्या सैनिकाचा आवाज रेडिओवरून अमेरिकेतल्या हॅमपर्यंत यायचा आणि तो हॅम आपल्या टेलिफोनला संच जोडून सैनिकाचं घरच्यांशी बोलणं करून द्यायचा. १९९५ साली दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीनं संगणकावरून बोलायचं ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं, आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवात मुंबईसारख्या मोजक्या शहरांत. मराठवाड्याच्या वाट्याला ते किती उशिरा आणि किती रडतखडत आलं, हे त्या काळात सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजलेल्या कुणालाही विचारा.

त्याच व्होकलटेकच्या सॉफ्टवेअरवर व्हँकूव्हरच्या डेव्हिड कॅमरननं (ब्रिटनच्या माजी पंतप्रधानाशी याचा संबंध नाही) १९९७च्या नोव्हेंबरमध्ये रेडिओ केंद्रं जोडायचा खेळ सुरू केला. प्रकल्पाचं नाव आयआरएलपी, म्हणजे ‘इंटरनेट रेडिओ लिंकिंग प्रोजेक्ट’. विंडोज वारंवार कोलमडायचं. टेकडीवर ठेवलेला संगणक लटकला की कुणीतरी गाडी काढून तिथं जायचं, बटण दाबून परत यायचं. वर्षभरानं कंटाळून त्यानं सगळं लिनक्सवर नेलं आणि जॉन वॉकर यांचं ‘स्पीक फ्रीली’ हे मोफत सॉफ्टवेअर आवाजासाठी घेतलं. त्याचा एक हट्ट मात्र कायम राहिला: दोन्ही टोकांना खरा रेडिओच हवा, संगणकासमोर बसून कुणी आत शिरायचं नाही. हँडीच्या कीपॅडवर चार आकडी नंबर दाबायचा, टूं-टां असे सूर हवेतून नोडला पोहोचतात आणि तो पलीकडच्या शहराचा रिपीटर जोडून देतो. इंटरनेट फक्त मधला गडी.

हा हट्ट सगळ्यांना मान्य नव्हता. ब्रिटनच्या ग्रेम बार्न्स यांनी ‘आयलिंक’ काढलं, त्यात घरच्या संगणकावरूनही रिपीटरवर येता येत होतं. मग २००२ साली अमेरिकेच्या जोनाथन टेलर यांचं ‘एकोलिंक’ आलं आणि पुरानं बांध फुटावा तसं झालं. रेडिओ नसला तरी चालेल, परवाना मात्र हवा. परवान्याचा पुरावा पाठवून कॉल साइन (परवान्यासोबत मिळणारी ओळखखूण) पटवून घेतल्याशिवाय आत प्रवेश नाही. तपासून घेतलेल्यांचा आकडा पुढं दोन लाखांच्या पार गेला. आवाज दाबून लहान करायला टेलर यांनी मोबाइल फोनवालाच जीएसएम कोडेक घेतला, सेकंदाला जेमतेम तेरा किलोबिट. त्यामुळे टेलिफोनच्या तारेवरच्या किरकिऱ्या मोडेमवरसुद्धा बोलणं निभायचं. ‘एकोटेस्ट’ नावाचा ९९९९ क्रमांकाचा सर्व्हर आहे, त्याच्याशी बोललं की तो तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकवतो. मी पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा माझा आवाज इतका अनुनासिक आहे हे मला नव्यानं कळलं.

यावर जी भांडणं झाली ती आजही मिटलेली नाहीत. एका बाजूचं म्हणणं, हा रेडिओ नाही, हा फोन आहे, नुसता जास्त त्रासाचा. मला हे निम्मंच पटतं. एचएफवर दूरचं स्थानक खरखरीतून वर येतं तेव्हा अंगावर जो काटा येतो तो एकोलिंकवर येत नाही, हे खरं. पण काळही पाहा. सूर्यावरचे डाग २०००च्या आसपास भरात होते, मग ओसरत ओसरत २००८च्या शेवटी तळाला गेले. डाग कमी तर वरचे एचएफ पट्टे मुके. नेमक्या त्याच वर्षांत ब्रॉडबँड घरोघर आलं. ज्यांना आकाशातून उत्तर मिळेना ते तारेकडे वळले, यात नवल काय?

तिसरी वाट जिम डिक्सन यांची. टेलिफोनचं काम साध्या संगणकाकडून करून घेता यावं म्हणून त्यांनी स्वस्तातलं कार्ड आणि त्याची आज्ञावली बनवली आणि मेक्सिकोचा क्रांतिकारक एमिलियानो झपाटा याचं नाव तिला दिलं. त्यांनीच पुढं ‘ॲस्टेरिस्क’ या मोफत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिपीटर चालवायची सोय घातली, त्यातून ‘ऑलस्टार’चं जाळं उभं राहिलं. मग आवाज आकड्यांत बदलून पाठवणाऱ्या डिजिटल पद्धती आल्या: डी-स्टार, डीएमआर. आता रास्पबेरी पाय या इवल्या संगणकावर बसणारा, काडेपेटीएवढा हॉटस्पॉट, म्हणजे घरगुती नोड मिळतो. ताकद एका वॅटचा शंभरावा भाग, म्हणजे घरातल्या घरात. डीएमआरच्या ब्रँडमाइस्टर जाळ्यावर भारताचा टॉकग्रुप (गटानं बोलायची वाहिनी) ४०४, कारण मोबाइलच्या जगातही भारताचा संकेतांक तोच. सकाळी चहाच्या वेळी उदगीरचा, बंगळुरूचा आणि दुबईत नोकरीला असलेला बीडचा माणूस एकाच टॉकग्रुपवर येऊ शकतात, आणि डोंगर कुणालाच आडवा येत नाही.

आडवा येतो तो केबलवाला. एकोलिंकला ५१९८ आणि ५१९९ ही दोन पोर्टं, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची दारं, बाहेरून उघडी लागतात. आमच्याकडच्या माणसाला ते सांगितलं तर त्यानं विचारलं, “पोर्ट कोणतं साहेब, चार्जरचं का?” त्याचाही दोष नाही. हल्ली बरीच घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, तिथं पोर्ट उघडायचं कुणी आणि कुठं? मग प्रॉक्सीची, म्हणजे मधल्या दुसऱ्या संगणकाची आडवाट धरावी लागते. गेल्या उन्हाळ्यात पाण्याची लाइन टाकायला रस्ता खोदला, फायबर तुटली आणि नोड चार दिवस मुका बसला. इन्व्हर्टर चालू, संच चालू, अँटेना जागेवर, आणि बोलायला कुणी नाही.

तेव्हा किल्लारीचा भूकंप आठवतोच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या दिवसांत हॅम मंडळी संच घेऊन त्या भागात आली आणि त्यांनी निरोपांची ने-आण केली. तेव्हा जोडायला इंटरनेटच नव्हतं, जे काही होतं ते संच, बॅटरी आणि तार. २००४च्या त्सुनामीत अंदमानात हेच झालं. भारती प्रसाद या हॅम हैदराबादच्या संस्थेची तुकडी घेऊन पोर्ट ब्लेअरला हौसेच्याच कामासाठी गेल्या होत्या. लाट आली, फोन बंद पडले आणि त्यांचं एचएफ स्थानक एका दिवसात मदतकार्याचं केंद्र झालं.

माझा नोड चालू असतो, हॉटस्पॉटही. तरी जिन्याच्या टोपीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत वीस मीटरची तांब्याची तार मी काढलेली नाही. तिच्यावर ओल्या चादरी वाळत घालू नका, हे घरात सांगून सांगून थकलो आहे.