युद्धाचे पिक्चर आपण सातारकर परत परत का बघतो, त्यामागची गोष्ट

26 जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस, किंवा 15 ऑगस्ट आला की आमच्याकडे टीव्हीचा रिमोट मामांकडे. मामा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, दोन हिवाळे बर्फात काढलेले. तेच तीन-चार पिक्चर, डायलॉग सगळ्यांना पाठ, तरी घर भरतं. पुण्याची माझी मैत्रीण एकदा म्हणाली, अगं शेवट माहितीय ना, मग परत काय बघता? तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण सांगायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं.

साताऱ्यावरून कराडकडं निघालं की नागठाण्याजवळ अपशिंगे गाव आहे, सगळे त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावाचे 46 जवान गेले, इंग्रजांनी गावात त्यांचं स्मारक केलं. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. म्हणजे विचार करा, आपल्या देशात पहिला बोलपट आला 1931 मध्ये, आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या बायकांना लांबच्या लढाईची वाट बघणं माहीत झालेलं होतं.

पडद्यावर लढाई आली ती पण जवळूनच आली, कोल्हापुरातनं. बाबुराव पेंटरांनी 1923 मध्ये सिंहगड हा मूकपट केला, हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवर, आणि त्यात रात्रीचे सीन घ्यायला कृत्रिम दिवे लावले, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. तानाजी पडणार हे बघायला आलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी गर्दी. माझ्या मते परत परत बघायचं मूळ इथंच आहे आणि ते सिनेमाच्याही आधीचं आहे, कारण पोवाडा ऐकायला बसलेल्या माणसाला शेवट माहीतच असतो. शाहिराचा आवाज कुठं चढतो, कुठं बसतो, डफ कुठं थांबतो, त्यासाठी तो बसतो. आपण युद्धाचा पिक्चर तसाच बघतो.

मग आलं 1962. त्याच्या आदल्याच वर्षी साताऱ्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल सुरू झालेलं, आणि चीनच्या हल्ल्यानंतर नोव्हेंबर 1962 मध्ये नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य तेव्हापासूनचं. देवराष्ट्रे त्यांचं जन्मगाव, कराड त्यांची कर्मभूमी, त्यामुळं ते युद्ध इथल्या लोकांना फक्त पेपरातली बातमी नव्हतं. दोन वर्षांनी, 1964 मध्ये चेतन आनंदचा हकीकत आला. लडाखमध्ये जाऊन काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट, बलराज साहनी, धर्मेंद्र, कैफी आझमींची गाणी, मदन मोहनचं संगीत. मला अजूनही हाच सगळ्यात भारी वाटतो आणि कारण एकच, हा हरलेल्या लढाईचा पिक्चर आहे. माघार घ्यायची ऑर्डर आलीय, माणसं थकलीत, दारूगोळा संपत आलाय, आणि घर आठवतंय. रात्री जवान एकत्र बसून एकेक कडवं गातात ते गाणं लागलं की मामा काही बोलत नाहीत. एरवी त्यांची कॉमेंटरी चालू असते, पण त्या गाण्याला पेला हातात तसाच, चहा गार होतो. एकदाच म्हणाले, असंच असतं, कुणी रडत नाही, गाण्यातनं बोलतात.

1971 च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धानंतरही पिक्चर आले, चेतन आनंदनीच 1973 मध्ये हिंदुस्तान की कसम केला, पण आमच्याकडे तो परत कुणी मागत नाही. 1991 चा प्रहार मात्र मागतात. तो तसा युद्धाचा नाही, पण त्यातलं कमांडोंचं ट्रेनिंग बघून बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला भरती झालेला प्रत्येक जण खूश होतो, आणि नाना पाटेकर नुसता पडद्यावर फौजी झाला नाही, कारगिलच्या वेळी तो खरोखर फौजेबरोबर जाऊन राहिला, म्हणून त्याला इथं वेगळाच मान.

बॉर्डर आला 1997 मध्ये, मी तेव्हा सातवीत होते. राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवालाची लढाई, 4 आणि 5 डिसेंबर 1971, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि 23 पंजाबचे जवळपास सव्वाशे जवान, समोर पाकिस्तानचे रणगाडे, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेली हंटर विमानं, एवढं सगळं खरंय. पण पिक्चरमध्ये एवढे जण पडताना दाखवलेत आणि खऱ्या चौकीवर आपले दोन जवान शहीद झाले. सुनील शेट्टीनी ज्यांचं काम केलंय ते बीएसएफचे भैरोसिंग पडद्यावर जातात, खरे भैरोसिंग राठोड डिसेंबर 2022 पर्यंत जिवंत होते. हे मला फार नंतर कळलं आणि तेव्हा थोडं फसल्यासारखं वाटलं, खरी गोष्ट एवढी जबरदस्त असताना मरण वाढवायची काय गरज होती, असं मला आजही वाटतं.

तरी बॉर्डर बघतेच, ते पत्राच्या गाण्यासाठी. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं. मामांचं निळं इनलँड यायचं, ते माझी आई वाचून दाखवायची, आणि उत्तर लिहून झालं की पत्ता टाकायचा, केअर ऑफ 56 एपीओ. आजी दर वेळी विचारायची, हे छप्पन एपीओ गाव कुठल्या बाजूला गं? आई सांगायची की ते गाव नाही, फौजेचं पोस्ट आहे, माणूस कुठं आहे ते कळू नये म्हणून असा पत्ता असतो. आजी हो म्हणायची आणि पुढच्या पत्राला परत तेच विचारायची. बॉर्डर पहिल्यांदा बघितला तेव्हा ते गाणं लागलं आणि आजी पदर डोळ्याला लावून म्हणाली, हेच असणार बघ छप्पन एपीओ. वाळवंट दिसत होतं. मामा तेव्हा बर्फात होते.

कारगिल (1999) हे टीव्हीवर रोज दिसलेलं आपलं पहिलं युद्ध, त्यामुळं त्यावरचे पिक्चर लोकांनी जास्त बारकाईनं तपासले. एलओसी कारगिल 2003 चा, चार तासांच्या वर, नावं इतकी की कोण कोणत्या पलटणीचा तेच लक्षात राहत नाही. लक्ष्य आला 2004 मध्ये, गोष्ट काल्पनिक आहे पण मामांच्या मते सगळ्यात खरा तोच, कारण त्यात पोरगं आधी अकॅडमीतनं पळून येतं. मामा म्हणतात पहिल्या महिन्यात पळून जावंसं न वाटलेला माणूस मी बघितला नाही. आणि तो रात्री दोर लावून कडा चढायचा सीन, त्याला आमच्याकडे सगळे गप्प, कारण सिंहगडापासून आपण तोच सीन बघत आलोय. उरी (2019) जोरदार आहे, गावातल्या पोरांनी महिनाभर जोश विचारून डोकं उठवलेलं, पण दोनदा बघितल्यावर मला त्यात नवीन काही सापडलं नाही, सगळं पहिल्याच वेळी हातात देऊन टाकतो तो पिक्चर.

आता मामा बघताना मुद्दाम बघतात ते बारीकसारीक. संतरी उभा कसा राहिलाय, बुटाची नाडी, चढताना पाठीवरचं ओझं खरंच जड आहे का नुसतं फुगवलेलंय, आणि सुट्टीवरून परत निघताना आईच्या पाया पडून माणूस मागं वळून बघतो का. पिक्चरमध्ये नेहमी वळून बघतो. मामा म्हणतात आम्ही साताऱ्याच्या स्टँडवर एसटीत बसलो की खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बसायचो.