पाणी गाळणं स्वस्त, आणणं महाग: नागपूरच्या जलशुद्धीकरणाची पार्श्वभूमी

अंबाझरी तलाव उंचावर आणि शहर उताराला, त्यामुळे 1870 च्या सुमारास नळ आले तेव्हा पाणी जवळपास आपसूक गावात उतरत असे. पुढे गोरेवाडा तलाव, मग कन्हान नदी आणि 1980 च्या दशकापासून पेंच नदी. तहान वाढत गेली तसे स्रोत लांबले आणि पाणी उपसण्याच्या विजेचं बिल तुरटीच्या खर्चाला मागे टाकून गेलं.

पेंचचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणात थांबतं, बराचसा गाळ तिथेच बसतो. ही फुकटची निवळणटाकीच म्हणायची! पण महादुल्याच्या उपसा केंद्रापर्यंत ते उघड्या कालव्यानं यायचं आणि वाटेत मुरायचं, म्हणून नंतर बंद जलवाहिनी टाकावी लागली. कन्हानची गोष्ट उलटी. नदी जवळ, केंद्र मोठं (दिवसाला 240 दशलक्ष लिटर), पण पाणी थेट नदीपात्रातून. पावसाळ्यात गढूळपणा चढला की तुरटी किंवा पीएसीची (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) मात्रा वाढवावी लागते, वाळूचे थर लवकर तुंबतात, त्यांची उलट धुलाई (खालून वर पाणी सोडून) पुन्हा पुन्हा करावी लागते आणि त्यात गाळलेलंच पाणी वाया जातं. त्यात जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा (कोळशाची राख साठवायचा बांध) फुटला. औष्णिक केंद्रांच्या शेजारची नदी म्हणजे राख पाण्यात मिसळण्याची ही भीती कायमचीच.

स्वस्तात गाळण्याचा एक देखणा प्रयोग मात्र शहराबाहेर, रामटेकला झाला. अभियंता जे. एन. कर्डिले यांनी 1973 मध्ये तिथे यांत्रिक टाक्यांऐवजी खडीचा थर वापरला: तुरटी मिसळलेलं पाणी खडीतून वाट काढताना घुसळलं जातं आणि गाळाचे कण एकमेकांना चिकटतात. ना मोटार, ना फिरती पाती. त्यापुढे दोन थरांचा फिल्टर, वर हलकं भरड माध्यम, खाली बारीक वाळू. उलट धुलाईनंतर हलकं माध्यम पुन्हा वरच बसतं. घाण वरच्या पापुद्र्यावर न साचता खोलवर अडकते, त्यामुळे फिल्टर जास्त वेळ चालतो आणि कमी जागेत भागतं. या धर्तीच्या केंद्रांत वरच्या थरासाठी नारळाच्या करवंटीचा चुराही वापरला गेला. पुढे वरणगाव आणि चांदोरीलाही अशी केंद्रं उभी राहिली. मोठ्या शहरांनी यातून फारसं काही उचललं नाही, हे खटकतं.

2012 मध्ये नागपूरची पाणी व्यवस्था 25 वर्षांच्या कराराने खासगी संस्थेकडे गेली, 24 तास पाण्याच्या आश्वासनासह. तेव्हा शुद्ध केलेल्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाण्याचा पैसाच येत नव्हता: कुठे गळती, कुठे चोरी, कुठे बंद मीटर. म्हणजे बिल होणाऱ्या प्रत्येक लिटरमागे तुरटी आणि वीज जवळपास दोन लिटरची लागत होती.