लाळेतील कॉर्टिसॉल चाचणी : नमुना घेण्याची वेळ

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत तयार होणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण दिवसभर सारखे राहत नाही. रात्री झोपणाऱ्या निरोगी माणसात ते मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटेपासून वाढू लागते, जाग आल्यावर पहिल्या अर्ध्यापाऊण तासात आणखी झपाट्याने चढते आणि मग रात्रीपर्यंत उतरत जाते. म्हणून घरी घेतलेल्या नमुन्यासोबत खरी वेळ नोंदलेली नसेल, तर प्रयोगशाळेने काढलेला आकडा कितीही अचूक असला तरी त्याचा अर्थ लावता येत नाही.

रक्तातील बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते; लाळेत उतरतो तो मुख्यतः मुक्त, म्हणजे पेशींवर प्रत्यक्ष काम करणारा भाग. सुई टोचावी लागत नसल्यामुळे रुग्णालयात न जाता अंथरुणावर बसूनही नमुना देता येतो, आणि सकाळच्या मोजमापासाठी हीच मोठी सोय ठरते.

जाग आल्यानंतरच्या वाढीचा शास्त्रीय अभ्यास १९९७ पासून विशेष जोमाने होऊ लागला. त्यासाठी डोळे उघडताच पहिला आणि नंतर साधारणपणे ३० व ४५ मिनिटांनी पुढचे नमुने घेतले जातात. येथे शून्य मिनिट म्हणजे जाग आली तो क्षण. अंथरुणातून उठल्याची वेळ नव्हे. गजर बंद करून वीस मिनिटे लोळल्यावर पहिला नमुना घेतला, तर चढ निम्मा होऊन गेलेला असतो आणि मोजलेली वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. उघडल्याची वेळ आपोआप टिपणाऱ्या डब्या देऊन केलेल्या अभ्यासांत सहभागींनी लिहिलेली वेळ आणि खरी वेळ यांत पुष्कळदा फरक आढळला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनीही वेळेच्या वस्तुनिष्ठ पडताळणीवर भर दिला. घरच्या चाचणीत नळ्या, पेन आणि घड्याळ रात्रीच उशाशी ठेवणे आणि उशीर झालाच तर ठरलेली नव्हे, घडलेली वेळ लिहिणे एवढे तरी करावेच. उशिराचा पण प्रामाणिकपणे नोंदलेला नमुना काही तरी सांगतो. चुकीची वेळ लिहिलेला नमुना दिशाभूल करतो.

शेवटचा नमुना होईपर्यंत चहा, न्याहारी आणि धूम्रपान टाळावे; दातही घासू नयेत, कारण हिरड्यांतून आलेले थोडेसे रक्तही निष्कर्ष बिघडवू शकते. घसा बसला म्हणून ज्येष्ठमध चघळण्याची आपल्याकडील सवय या चाचणीच्या वेळी विशेष अडचणीची ठरते. लाळग्रंथींतील एक विकर कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. ज्येष्ठमधातील घटक त्या विकराला अडवतो आणि लाळेतील आकडा खोटा वाढतो.

रात्रीच्या चाचणीचा हेतू वेगळा असतो. कुशिंग लक्षणसमूहात, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहण्याच्या विकारात, मध्यरात्रीचा नीचांक नाहीसा होतो, म्हणून संशयित रुग्णाचे नमुने रात्री ११ ते १२ च्या दरम्यान किंवा नेहमीच्या झोपण्याच्या वेळी, किमान दोन वेगवेगळ्या रात्री घेतात. त्या संध्याकाळी कठोर व्यायाम टाळावा. रात्रपाळी करणाऱ्यांचे झोपेचे चक्रच बदललेले असल्याने त्यांच्यासाठी ही चाचणी सहसा विश्वासार्ह मानली जात नाही.

दिवसातून चार नमुने घेऊन ‘अधिवृक्क थकवा’ ओळखण्याचा दावा करणारे संचही विकले जातात; अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटना मात्र असा आजार मान्य करत नाहीत. अधिवृक्क ग्रंथी खरोखर अपुऱ्या पडत असल्याची शंका असेल, तर सकाळी ८ च्या सुमारास रक्त तपासतात व गरजेनुसार उत्तेजन चाचणी, म्हणजे ग्रंथींना चेतना देऊन कॉर्टिसॉल किती वाढते हे पाहणारी चाचणी, करतात.

स्टेरॉइडयुक्त मलम हाताला लागलेले असेल, तर ते नमुन्यात मिसळू शकते, त्यामुळे नळी हाताळण्यापूर्वी हात धुवावेत. श्वासावाटे, नाकातून किंवा तोंडाने घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडांचाही निष्कर्षावर परिणाम होतो, म्हणून त्यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. चाचणीसाठी ही औषधे स्वतःहून अचानक थांबवणे धोक्याचे आहे.