पीअर सपोर्ट म्हणजे पीअर ॲडव्होकसी नव्हे

मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमपत्रिकेत 'पीअर सपोर्ट/ॲडव्होकसी' असं मधे तिरकी रेघ मारून छापलेलं दिसलं की माझं डोकं उठतं. रेघेचा अर्थ उघड आहे: दोन्ही सारखंच, हवं ते वाचा. संस्थांच्या अहवालांत, प्रशिक्षणाच्या जाहिरातींत, अगदी नेमणूकपत्रांतही ती दिसते. मग नेमलेली व्यक्ती गोंधळते, आणि तिच्या भरवशावर डॉक्टरांसमोर बसलेल्या शुभार्थीला, म्हणजे मानसिक आजारातून जाणाऱ्या माणसाला, आयत्या वेळी कळतं की आपल्या बाजूने बोलायला इथे कोणीच नाही.

पीअर सपोर्ट तुम्हाला माहीतच असेल. आजार, इस्पितळ, गोळ्या, लोकांच्या नजरा हे सगळं स्वतः भोगलेला माणूस त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला सोबत करतो. आधारगटात किंवा एकास एक. उपदेशाची घाई नसते. रिकव्हरी म्हणजे लक्षणं शून्यावर येणं एवढाच हिशेबही तिथे नसतो. थोडीफार लक्षणं उरली तरी स्वतःला पटेल असं आयुष्य उभं करता येतं, हे समोरच्याकडे बघूनच कळतं. यावर जास्त बोलत नाही.

पीअर ॲडव्होकसीत (ही कोर्टातली वकिली नव्हे) असाच अनुभवी माणूस असतो, पण तो शुभार्थीची मागणी घेऊन तिसऱ्या कोणाशी तरी बोलायला उभा राहतो आणि त्या तिसऱ्याच्या हातात निर्णय असतो. डॉक्टर, वॉर्डप्रमुख, घरचे, नोकरीवरचे वरिष्ठ, एखादं सरकारी खातं. सोबतीला दोघं पुरतात. ॲडव्होकसीला सत्ता असलेला तिसरा लागतोच.

काही फरक किरकोळ आहेत. मानधन मिळतं की नाही, प्रमाणपत्र आहे की नाही, काम एकट्यासाठी आहे की सगळ्यांसाठी, यावरून काही ठरत नाही. मात्र व्यासपीठावरून स्वतःची प्रेरणादायी कहाणी सांगून टाळ्या घेणं याला कृपा करून ॲडव्होकसी म्हणू नका. ती जनजागृती. कहाणी संपल्यावर कोणाकडे कसली मागणी केली, हे सांगता येत नसेल तर ॲडव्होकसी झालेली नाही.

इतिहासातही हे दोन प्रवाह वेगळेच वाहिले आहेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेलं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट, हे समदुःखींच्या सोबतीचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. पूर्ण ओळख न सांगता बसायचं, आपापलं सांगायचं. त्यांच्या बारा परंपरांतली, म्हणजे स्वतःला घालून घेतलेल्या नियमांतली, दहावी तर बजावते की संघटनेने बाहेरच्या वादांत मत द्यायचं नाही. म्हणजे ॲडव्होकसी ठरवून दाराबाहेर ठेवलेली. त्याच्या कितीतरी आधी, १८४५ साली, इंग्लंडमध्ये 'अलेज्ड ल्यूनॅटिक्स फ्रेंड सोसायटी' (वेडे ठरवलेल्यांची मित्रसंस्था) निघाली. तिच्यात पुढे असलेला जॉन पर्सिव्हल हा खून झालेल्या पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा मुलगा. तो स्वतः वेड्यांच्या खासगी इस्पितळांत काही वर्षं कोंडला गेला होता. ही मंडळी विनाकारण डांबलेल्यांची प्रकरणं हाती घेत आणि कायदा बदला म्हणून संसदेच्या मागे लागत. गोल करून बसणं हा त्यांचा उद्देशच नव्हता.

आता खरी गोम. सोबत करताना तुमचा अनुभव हेच तुमचं भांडवल. ॲडव्होकसी करताना मात्र त्या अनुभवातून तयार झालेलं तुमचं मत गप्प बसवावं लागतं. हे पटकन गळी उतरत नाही. सगळ्यात कमी उतरतं ते उत्तम पीअर सपोर्टरच्या, कारण मनापासून सांगणं हीच त्यांची ताकद असते.

समजा, वॉर्डातल्या एका तरुणाला डोस कमी करून हवा आहे. दिवसभर गुंगी असते, वाचायला घेतलेलं पान पुढे सरकत नाही, वजन वाढत चाललंय. त्याच्यासोबत काम करणारी बाई स्वतः त्याच वाटेने गेली आहे: तिने औषध आपल्या मनाने सोडलं होतं आणि काही महिन्यांत ती पुन्हा दाखल झाली होती. आधारगटात तिने हे त्याला जरूर सांगावं. त्यातलं काय घ्यायचं ते तो ठरवेल.

पण उद्या डॉक्टरांची फेरी आहे आणि ती त्याची ॲडव्होकेट म्हणून शेजारी बसणार आहे. तिथे ती म्हणाली, 'हा डोस कमी करा म्हणतोय, पण मला वाटतं थोडं थांबावं,' की संपलं. हेतू चांगला, वैद्यकीयदृष्ट्या कदाचित मुद्दाही बरोबर. तरी तिने त्याला तिथे एकटं पाडलं. वर तिच्या म्हणण्याला दुप्पट वजन येतं, कारण 'बघा, यातून गेलेल्यांनाही तसंच वाटतं' असं म्हणायला सगळे मोकळे होतात. म्हणूनच हित बघायला निघालेला पीअर ॲडव्होकेट हा हित बघणाऱ्या डॉक्टरपेक्षा जास्त नुकसान करू शकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तिने करायचं काय? फेरीच्या आधी दोघांनी बसायचं. नेमकं काय हवंय: डोस कमी, वेळ बदलून, की दुसरं औषध? माहिती कुठे अपुरी पडतेय? एकदम कमी केल्याचे धोके त्याला कोणी समजावून सांगितलेत का? डॉक्टर नाही म्हणाले तर निदान काय मिळवायचं? बोलणार कोण? शक्य तिथे त्यानेच बोलायचं. तो अडखळला, आणि त्याने तशी परवानगी दिली असेल, तरच तिने. आणि मग फेरीत सरळ: 'दिवसाच्या गुंगीमुळे यांना काही करता येत नाही. डोस कमी करता येईल का? येत नसेल तर कारण काय, आणि पुन्हा विचार कधी होईल, हे यांना हवं आहे.' डॉक्टर नाही म्हणू शकतात. मागणी मान्य करून घेण्याचा ठेका ॲडव्होकेटने घेतलेला नसतो. मागणी जशीच्या तशी पोचली, तिला कारणासकट उत्तर मिळालं, ते केसपेपरवर चढलं आणि उत्तर पटलं नाही तर पुढे दाद कुठे मागायची हे त्याला कळलं, की तिचं काम झालं.

यावर ठरलेला प्रश्न येतो: मागणीच त्याच्या नुकसानीची असेल तर? तर खोलीत कोण कोण आहे ते बघा. डॉक्टर त्याचं हित बघताहेत, नर्स बघते आहे, समाजसेवक बघताहेत, आई-वडील तर बघतातच. हित बघणाऱ्यांची तिथे वानवा नाही. त्याला स्वतःला काय हवंय ते मांडायला एकच खुर्ची आहे. तीही हिताच्या रांगेत नेऊन ठेवली तर सक्षमीकरण हा शब्द फक्त फलकावर उरतो. मर्यादा अर्थात आहेत. कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर ती गोष्ट गुपित ठेवता येत नाही, पण हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं असतं.

आणि ज्याला त्या क्षणी काही सांगताच येत नाही, त्याचं काय? तिथेही स्वतःचं मत घुसडायला वाव नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ सालचा. त्याच्या बाराव्या कलमावर भाष्य करताना करार-समितीने २०१४ साली म्हटलं की खूप प्रयत्न करूनही व्यक्तीची इच्छा समजत नसेल, तर तिच्या हिताचं काय याऐवजी तिची इच्छा आणि पसंती काय असेल याचा जास्तीत जास्त जवळचा अंदाज धरावा. म्हणजे तिने बरं असताना काय लिहून ठेवलंय ते शोधा, तिला ओळखणाऱ्यांना विचारा.

मग स्वतःच्या अनुभवाचा उपयोगच काय, पीअरच कशाला हवा? उपयोग भरपूर आहे, फक्त तो कानांना होतो. 'ठीक आहे' या उत्तरामागे होकार आहे की विचारून विचारून आलेला थकवा, हे तिला कळतं. औषधाने शब्द उशिरा सुचतात हे माहीत असल्यामुळे ती डॉक्टरांना 'जरा थांबा, ते सांगताहेत' म्हणू शकते. वॉर्डात चिडण्याची नोंद लक्षण म्हणून होते हेही तिला ठाऊक असतं, म्हणून राग कुठे आणि कसा मांडायचा याची तयारी ती आधी करून घेते. हे पुस्तक वाचून येत नाही.

दुसरा मोठा फरक पगाराचा. किती, यापेक्षा कोणाकडून. इस्पितळाच्या पगारावर राहून सोबत करता येते; अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ पासून मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून पीअर सपोर्टचे पैसे द्यायला सुरुवात केली आणि इतर राज्यं त्यामागे गेली. पण ज्या इस्पितळाच्या निर्णयावर बोट ठेवायचंय त्याच्याच हजेरीपटावर नाव असलेला ॲडव्होकेट मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये २००९ पासून सक्तीच्या उपचाराखालील रुग्णांना कायद्याने ॲडव्होकेट मिळतात. ते उपचार करणाऱ्या गटाबाहेरचे असावे लागतात. ते स्वतः आजारातून गेलेले असतीलच असं नाही. स्वतंत्र पण अनुभव नसलेला, की अनुभवी पण इस्पितळाचा, असं निवडायचंच झालं तर डॉक्टरांच्या फेरीसाठी मी पहिला घेईन आणि संध्याकाळी गप्पांना दुसरा.

राहिले घरचे, म्हणजे शुभंकर. त्यांची तळमळ खरी, पण ते पीअर नव्हेत. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या नामनिर्देशित प्रतिनिधीलाही (उपचाराच्या निर्णयांत आधार द्यायला शुभार्थी ज्याचं नाव देतो त्याला) अनेक जण ॲडव्होकेट समजतात. कायदा त्याला शुभार्थीची आताची आणि आधीची इच्छा विचारात घ्यायला सांगतो, आणि त्याच वाक्यात शुभार्थीचं हितही. ही भूमिका गरजेची आहे, पण ती दोन दगडांवरची आहे. याच कायद्यातल्या, शुभार्थींच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळात दोन जागा अशा आहेत की त्यांवर शुभार्थी किंवा शुभंकर किंवा त्यांच्या संस्थांचे लोक किंवा या क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी येऊ शकतात. या 'किंवा'मुळे एकही शुभार्थी नसलेलं मंडळ कायद्याने पूर्ण भरतं. तेव्हा अहवालात 'पीअर प्रतिनिधित्व' असं लिहिण्याआधी त्या दोन खुर्च्यांवर कोण बसलंय ते बघा, आणि दोघेही नातेवाईक असतील तर नातेवाईकांचं प्रतिनिधित्व असंच लिहा.